समोर लिहिलेलं असतं पण कोणी वाचत नाही : तुम्हाला असं काय अचानक कळलं?

घाटावरची

गेल्या आठवड्यात गॅसवाला सिलिंडर दारात ठेवून पावती फाडत होता आणि शेजारच्या काकू सहज आल्या, सिलिंडरकडे एक नजर टाकली आणि त्याला म्हणाल्या हा परत ने, डी-२३ आहे. मला वाटलं काकू कोड लँग्वेजमध्ये बोलतायत. तर सिलिंडरची वरची गोल कडी ज्या तीन उभ्या पट्ट्यांवर असते ना, त्यातल्या एका पट्टीवर आतल्या बाजूने एक अक्षर आणि एक आकडा रंगवलेला असतो. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि पुढचा आकडा म्हणजे वर्ष. ही सिलिंडरची एक्स्पायरी. इतकी वर्षं सिलिंडर घेतोय, दर वेळी ती पट्टी धरूनच तो सरकवतो, आणि ते अक्षर कधी वाचलं नाही, घरात बाकी कोणी पण वाचलं नव्हतं.

तेव्हापासून मी घरातल्या प्रत्येक वस्तूवर काय लिहिलंय ते वाचत सुटलेय आणि नवरा वैतागलाय. तर अशा गोष्टी इथे लिहा. कोणी मुद्दाम शिकवल्या नाहीत, गूगल करायचंही सुचलं नसतं, पण चुकून कळल्या आणि मग वाटलं अरे हे तर समोरच होतं. व्हॉट्सॲपवर आलेलं ढकलू नका प्लीज, स्वतः बघितलेलं लिहा.

जुनापुराणा

चांगला धागा. एक दुरुस्ती मात्र करतो.

>>ही सिलिंडरची एक्स्पायरी

गॅस एक्स्पायर होत नाही ताई. ती तारीख लोखंडाच्या टाकीची आहे. सिलिंडरची ठराविक वर्षांनी दाबाखाली चाचणी घ्यायची असते, ती पुढची चाचणी कधीपर्यंत व्हायला हवी ते तिथे लिहितात. डी-२३ म्हणजे डिसेंबर २०२३ पर्यंत चाचणीला जायला हवा होता. तारीख उलटली म्हणून १ जानेवारीला स्फोट होत नाही, तसले फॉरवर्ड फिरत असतात, पण घ्यायचा नाही हे बरोबर, काकूंना माझा नमस्कार सांगा.

त्याच पट्ट्यांवर रिकाम्या सिलिंडरचं वजनही असतं. त्यात १४.२ किलो मिळवले की भरलेल्याचं वजन. गॅसवाल्याकडे काटा असायला हवा आणि आपण मागितला तर वजन करून दाखवायला हवं. मागत कोणी नाही. आणि गळतीसाठीचा नंबर १९०६, फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.

तिखटमीठ

सिलिंडरवरून आठवलं, किती गॅस उरलाय ते बघायची आमच्या आत्याची पद्धत. ओल्या फडक्याने सिलिंडर वरपासून खालपर्यंत पुसायचा आणि दोन मिनिटं बघत बसायचं. वरचा भाग पटकन सुकतो, खालचा ओला राहतो, मध्ये चक्क रेघ दिसते. आत जिथपर्यंत पातळ गॅस आहे तिथपर्यंत पत्रा गार राहतो म्हणून पाणी उशिरा वाळतं. आत्या फरशी पुसायच्या नादात सिलिंडर पण पुसायची, तेव्हा तिला दिसलं, भौतिकशास्त्राशी तिचा काही संबंध नाही :)

सायलेन्सर

माझं सुतारकामातलं. किचन ट्रॉलीचं काम चालू होतं, मिस्त्रीची टेप हातात घेतली तर टोकाचा पत्र्याचा हूक डुगडुगत होता. मी म्हटलं मामा तुमची टेप गेली कामातून, हे बघा टोक ढिलं झालंय, पक्कड द्या रिव्हेट ठोकून देतो. मिस्त्री ओरडलाच, हात लावू नका म्हणाला. मग त्याने दाखवलं. फळीची लांबी बाहेरून मोजायची तर हूक फळीच्या कडेला अडकवून ओढायचा, तेव्हा हूक थोडासा बाहेर सरकतो. आणि कपाटाच्या आतलं माप घ्यायचं तर हूक भिंतीला टेकवून दाबायचा, तेव्हा तो आत सरकतो. सरकतो किती, तर बरोब्बर त्या पत्र्याच्या जाडीएवढा. म्हणजे बाहेरून मोजा नाहीतर आतून, पत्र्याच्या जाडीचा फरक मापात येत नाही. रिव्हेटसाठीची भोकं मुद्दाम लांबट पाडलेली असतात, नीट निरखून बघितलं तर कळतं. मी ठोकून दिलं असतं तर ट्रॉल्या एक मिलिमीटर इकडे तिकडे, आणि मग बसल्या नसत्या की माझ्याच नावाने शंख.

नवीन टेप घेताना लोक दुकानदाराला "हिचं टोक हलतंय, दुसरी द्या" म्हणतात असंही मामांनी सांगितलं. दुकानदार दुसरी देतो. तिचंही हलत असतं.

चाळकरी

सायलेन्सर, भारी. घरी जाऊन टेप बघतो.

माझं लोकलमधलं. आम्ही मध्य रेल्वेवाले. इंडिकेटरवर के म्हणजे कल्याण, टी म्हणजे ठाणे हे कोणीही सांगेल, पण कर्जतला एस का आणि कसाऱ्याला एन का हे मला कॉलेज संपेपर्यंत माहीत नव्हतं. एस दिसला की धावत जाऊन चढायचं एवढंच. एकदा गाडी कल्याणच्या पुढे अडकली होती, शेजारी एक रिटायर्ड मोटरमन आजोबा, त्यांनी सांगितलं की कल्याणच्या पुढे दोन फाटे फुटतात, एक साउथ-ईस्ट लाइन कर्जतकडे, बोरघाटाच्या वाटेने पुण्याला, आणि एक नॉर्थ-ईस्ट कसाऱ्याकडे, थळघाटातून नाशिकला. त्यातला एस आणि एन. गावाच्या नावाशी काही संबंधच नाही, दिशेचं अक्षर आहे.

आणि शेवटच्या डब्याच्या पाठीमागे मोठी पिवळी फुली असते ती डेकोरेशन नाही. लांब पल्ल्याच्या गाडीला मागे एल व्ही अशी पाटी पण लावतात, लास्ट व्हेइकल. स्टेशनवरच्या माणसाने ती बघितली म्हणजे गाडी अख्खी गेली, मधेच तुटून चार डबे मागे राहिले नाहीत याची खात्री. एवढ्या गाड्या जाताना पाहिल्या पण आपण कायम इंजिनकडेच बघत राहतो ना.

अर्धाकप

चाळकरी +१. आणि रुळांच्या कडेला पिवळी पाटी असते सी/फा. लहानपणी आम्ही भावंडं त्याचे काय काय अर्थ लावायचो, सीताफळ हा सगळ्यात सभ्य. ते सीटी फाटक, म्हणजे पुढे फाटक आहे, भोंगा वाजव.

लेस्टरची_लेक

मी यूकेत राहते. इथे सिग्नलला रस्ता ओलांडायला बटणाचा पिवळा डबा असतो. माझा मुलगा पाच वर्षांचा, बटण दाबून झाल्यावर डब्याच्या खाली हात घालून काहीतरी चाचपत होता, मी ओरडले घाण आहे तिथे हात नको घालू. तो म्हणाला आई हे फिरतंय. वाकून बघितलं तर डब्याच्या खालच्या बाजूला बोटभर शंकू, खाचा असलेला, आणि हिरवा माणूस लागला की तो गरागरा फिरतो. लाल झाला की थांबतो. ज्यांना दिसत नाही, ऐकू पण येत नाही, त्यांनी तो शंकू धरून उभं राहायचं, फिरायला लागला की निघायचं. त्याच डब्यांसमोर मी रोज उभी असते आणि मुलाची उंची डब्याएवढी आहे म्हणून त्याला सापडलं. आता आम्ही प्रत्येक सिग्नलला शंकू तपासतो. काही सिग्नलना नसतो, त्याची तो मनापासून तक्रार करतो.

कुळागर

लेस्टरची_लेक, काय सुंदर आहे हे!

असंच आपल्या नोटांवर आहे. आत्ता पाकिटातून नोट काढा. नवीन शंभरच्या नोटेच्या डाव्या-उजव्या कडेला चार तिरप्या रेघा असतात, दोनशेला चारच रेघा पण मध्ये दोन छोटे गोल, पाचशेला पाच रेघा. बोट फिरवलं तर उंचवटा लागतो, नोट कोरी असेल तर. आमच्या पणजीच्या बाजारात एक काका, दिसत नाही त्यांना अजिबात, पण फुलं विकतात आणि सुट्टे पैसे कधी चुकत नाहीत, मी विचारलं कसं ओळखता तर त्यांनी माझं बोट धरून नोटेच्या कडेवरून फिरवलं. मळलेली नोट असली की रेघा झिजतात, तेव्हा ते लांबीवरून ओळखतात, नवीन नोटा लांबीलाही वेगवेगळ्या आहेत. रिझर्व्ह बँकेचं मनी नावाचं एक ॲप पण आहे, जानेवारी २०२० मध्ये आलं, फोनचा कॅमेरा नोटेवर धरला की किती रुपये ते बोलून सांगतं. पण काका म्हणाले गिऱ्हाईक समोर असताना फोन काढत कोण बसणार.

अवांतर : नोटेच्या मागच्या पट्टीवर १५ भाषा असतात, इंग्रजी वर्णक्रमाने. त्यात सहावी आमची कोंकणी, मराठीच्या दोन ओळी वर. वाद घालायचा असेल तर वेगळा धागा काढा :) दिवे घ्या, म्हणजे लाइटली घ्या.

जुनापुराणा

कुळागर, दिवे घेतले. सहावी कोंकणी, मध्ये मल्याळम, मग मराठी. मोजून आलो.

याच जातीचं अजून एक. खाण्याच्या पाकिटावर शाकाहारासाठी हिरवा ठिपका असतो, तसा पूर्वी मांसाहारासाठी तपकिरी ठिपका असायचा. २०२० च्या नव्या नियमांत तपकिरी ठिपक्याचा त्रिकोण केला. का, तर हिरवा आणि तपकिरी हे रंग काही लोकांना सारखेच दिसतात. माझ्या मेव्हण्याला रंगांधळेपणा आहे, कट्टर शाकाहारी माणूस, तो दुकानात बायकोला विचारल्याशिवाय काही उचलायचा नाही. आता आकार बघून उचलतो.

घाटावरची

वा, हा धागा कुठून कुठे गेला. वाचनखूण साठवली, स्वतःच्याच धाग्याची.

कोणी स्वयंपाकघरातलं लिहा ना.

तिखटमीठ

मी आहेच. फटाफट लिहिते.

हळदीचा डाग साबणाने धुतला की लाल होतो, घाबरायचं नाही. हळद क्षारी गोष्टीला लागली की लाल होते, साबणात तेच असतं. लिंबू पिळलं की परत पिवळी. कुंकू पूर्वी असंच करायचे, हळद आणि चुना. हे मला सासूबाईंच्या पांढऱ्या पातळावर आमटी सांडली तेव्हा कळलं, मी घाईघाईने साबण चोळला आणि पातळावर सवाष्णीची ओटी भरल्यासारखं झालं. सासूबाईंनी शांतपणे ते धुऊन ओलंच कडक उन्हात टाकलं, संध्याकाळपर्यंत डाग फिका, दुसऱ्या दिवशी परत टाकलं, गेला. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. म्हणूनच हळद काचेच्या बरणीत उन्हात ठेवू नका म्हणतात.

गुळाचा चहा फाटतो ना, तर गूळ आणि चहापत्ती पाण्यात उकळून घ्यायची, गॅस बंद करायचा आणि मग वेगळं गरम केलेलं दूध ओतायचं. गूळ घालून दुधासकट उकळलात की फाटलाच.

कुकरमध्ये खालच्या पाण्यात पिळलेल्या लिंबाची साल टाकली की ॲल्युमिनियमचा कुकर आतून काळा पडत नाही. चिंचेचा चोथा पण चालतो.

सुरण, अळू चिरताना हाताला तेल, शिजवताना चिंच नाहीतर कोकम. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते टोचतात म्हणून खाज. आंबट घातलं की त्रास कमी होतो. आळूच्या फदफद्यात चिंच चवीसाठी असते असं मला वाटायचं, पण ज्या बाईने पहिल्यांदा घातली असेल तिला चवीपेक्षा घशाची काळजी जास्त असणार.

अर्धाकप

सवाष्णीची ओटी =)) =))

रानडुक्कर_नव्हे

गाडीवाल्यांसाठी. डॅशबोर्डवर पेट्रोलच्या पंपाचं चित्र असतं त्याच्या बाजूला एक इवलासा त्रिकोणी बाण असतो. पेट्रोलचं झाकण गाडीच्या ज्या बाजूला आहे त्या बाजूला तो बाण. भाड्याची गाडी घेतली की पंपावर उतरून बघावं लागत नाही. याच्यामागे फोर्डमधला जिम मॉयलन नावाचा इंजिनिअर होता. १९८६ मध्ये कंपनीची गाडी घेऊन पेट्रोल भरायला गेला, पाऊस पडत होता, गाडी चुकीच्या बाजूने लावली, भिजला, आणि परत येऊन ओले कपडे न बदलता साहेबाला चिठ्ठी लिहिली की असा बाण लावा. १९८९ च्या गाड्यांमध्ये तो आला आणि मग बाकी कंपन्यांनी पण उचलला. पेटंट वगैरे काही नाही. मला वाटतं वैताग आल्यावर चिठ्ठी लिहिणारी माणसं कमी आणि तेच लिहून गाऱ्हाणं फेसबुकवर टाकणारे आपण जास्त, असो.

टायरवर चार आकडे असतात लंबगोल चौकटीत, समजा २३१९, म्हणजे २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेलं टायर. जुनी गाडी घेताना मालक म्हणाला टायर नवे टाकलेत तर वाकून ते आकडे वाचायचे. मालकाचा चेहरा बघण्यासारखा होतो.

आणि गोव्यात काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं दिसली की ती गाडी स्वतः चालवायला भाड्याने दिलेली. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे टॅक्सी, रिक्षा, टेम्पो. हिरवी पाटी विजेवरची गाडी. रस्त्याच्या कडेच्या मैलाच्या दगडांचं पण तसंच, डोकं पिवळं तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं तर राज्य महामार्ग, केशरी म्हणजे ग्रामसडक. पोरांना लांबच्या प्रवासात कामाला लावायला उत्तम.

चाळकरी

टीव्हीचा रिमोट चालत नसला तर लोचा रिमोटमध्ये आहे की टीव्हीत हे बघायचं असेल, मोबाईलचा सेल्फी कॅमेरा चालू करा, रिमोटचा पुढचा छोटा दिवा त्याच्यासमोर धरा आणि बटण दाबा. डोळ्यांना काही दिसत नाही पण स्क्रीनवर जांभळट उजेड लुकलुकतो. लुकलुकला तर रिमोट ठीक, टीव्हीत लोचा. मागच्या कॅमेऱ्यातून बऱ्याच फोनमध्ये दिसत नाही, त्याला ते किरण अडवणारी काच असते. आमच्याकडे भाचीने सेल्फी काढताना हातात रिमोट होता म्हणून कळलं.

घाटावरची

चाळकरी, आत्ता करून बघितलं, दिसलं!! नवरा पण आला बघायला.

जुनापुराणा

वीज खात्यात नोकरी झाली म्हणून दोन माझ्याकडून.

पंखा पाचवर ठेवूनही रांगतोय, तर लोक नवीन पंखा आणतात. आधी कंडेन्सर बदला. पंख्याच्या वरच्या नाहीतर खालच्या वाटीत असतो, साधारण २.५ मायक्रोफॅरडचा, इलेक्ट्रिकच्या कुठल्याही दुकानात मिळतो आणि किरकोळ किमतीत. तो कालांतराने उतरतो आणि मोटरला जोर मिळत नाही. काठीने पातं ढकलल्यावर पंखा सुरू होत असेल तर नव्वद टक्के तेच. मेन बंद केल्याशिवाय हात लावू नका, नाहीतर सरळ वायरमन बोलवा. नवीन बीएलडीसी पंख्यांना हे लागू नाही, त्यांची मोटरच वेगळी. आणि वायरी उलट्या जोडल्या तर पंखा उलटा फिरतो, फिरतो छान, वारा मात्र छताला लागतो. असा पंखा मी एका मंगल कार्यालयात पाहिलाय, मंडपभर घामाघूम आणि सगळे म्हणतायत काय उकाडा आहे.

दुसरं मीटरचं. विजेच्या मीटरवर लाल दिवा टिकटिकत असतो आणि बाजूला बारीक अक्षरात ३२०० इम्पल्स प्रति युनिट असं काहीतरी लिहिलेलं असतं, आकडा मीटरप्रमाणे बदलतो. म्हणजे दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. आता गंमत करा. घरातलं सगळं बंद करा, फ्रिज पण, आणि दिव्याकडे बघा. दोन टिकटिकींमध्ये किती सेकंद गेले ते मोजा, ११२५ ला त्या सेकंदांनी भागा, तेवढे वॅट चालू आहेत. ११ सेकंद लागले तर साधारण १०० वॅट. आमच्या मुलीच्या घरी "सगळं बंद" असताना ४५ सेकंदांना एक येत होती, म्हणजे २५ वॅट. शोधत गेलो तर सेटटॉप बॉक्स, रिमोटने बंद केलेला टीव्ही, वायफायचा डबा आणि नुसतेच खोचून ठेवलेले दोन चार्जर. २५ वॅट म्हणजे काहीच नाही वाटतं पण चोवीस तास चालले की महिन्याला १८ युनिट. जावई म्हणाले वायफाय बंद करणार नाही. बाकीचं केलं.

सायलेन्सर

काका, दंडवत. हे शाळेत शिकवलं असतं तर मी फिजिक्समध्ये पास तरी झालो असतो.

रानडुक्कर_नव्हे

११२५ कुठून आलं?

जुनापुराणा

एका युनिटमध्ये ३६ लाख ज्यूल. त्याला ३२०० ने भागा, ११२५. तुमच्या मीटरवर १६०० लिहिलं असेल तर २२५० घ्या.

लेस्टरची_लेक

हे मी इथे करून बघणार, आमचा मीटर जिन्याखालच्या कपाटात आहे. मुलाला सेकंद मोजायला बसवते, शनिवारची सोय झाली.

तिखटमीठ

काका एक प्रॉब्लेम आहे. आमच्या बिल्डिंगचे सगळे मीटर खाली जिन्याजवळ एका फळीवर आहेत, कोणावरच फ्लॅट नंबर नाही, असला तर रंग देताना पुसलाय. आमचा कुठला ते कसं कळणार?

जुनापुराणा

बिलावर मीटर नंबर छापलेला असतो, तोच मीटरवर असतो. जुळवा. खात्री करायची असेल तर घरात कोणालातरी मेन बंद करायला सांगा आणि तुम्ही खाली उभ्या राहा. ज्याचा दिवा थांबेल तो तुमचा.

तिखटमीठ

केलं. आमच्या नंबरचा मीटर टिकटिकतोच आहे आणि बाजूचा थांबला.

चाळकरी

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

जुनापुराणा

ताई, परत एकदा मेन बंद-चालू करून बघा आणि या वेळी दोन्ही मीटरचे फोटो काढा, रीडिंग आणि नंबर दोन्ही दिसेल असे. खरंच उलटसुलट जोडलेलं असेल तर वीज कार्यालयात लेखी अर्ज द्यायचा, पोच घ्यायची. आणि अर्ज देण्याआधी गेल्या वर्षभराचं दोघांचं बिल शेजारी शेजारी ठेवून बघा, कोणी कोणाला देणं लागतंय ते आधी कळलेलं बरं. त्यांच्याकडे एसी आहे का?

तिखटमीठ

एसी आमच्याकडे आहे.

जुनापुराणा

मग शेजाऱ्यांना चहाला बोलवा. गुळाचा नको.